'ऑल-न्यू एक्स-मेन'चे परीक्षण लिहिताना काय पाहावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे: एक्स-मेन, म्हणजे मार्व्हल या प्रकाशनाच्या कॉमिक्समधला अतिमानवी शक्ती असलेल्या नायकांचा गट, आपल्याला मुख्यतः चित्रपटांतून ठाऊक आहे, मूळ कॉमिक्स फारशी वाचलेली नाहीत. ब्रायन मायकेल बेंडिस यांनी लिहिलेल्या आणि स्टुअर्ट इमोनेन यांनी चितारलेल्या 'ऑल-न्यू एक्स-मेन'चे पहिले पाच अंक संकलित खंडात वाचून झाले आहेत आणि त्यांवर मराठीत परीक्षण लिहायचे आहे. मात्र भूतकाळातून आणलेली मुले परत गेलीच नाहीत तर आजचे प्रौढ शिल्लक कसे राहतात, या गुंत्यात आपला मसुदा अडकून पडला आहे. त्या गुंत्याला किती जागा द्यावी आणि पन्नास वर्षांचा पूर्वेतिहास वाचलेला नसताना लिहावे की नाही, असे आपण विचारता.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते छोटे आहे: अवश्य लिहावे. नोव्हेंबर २०१२ मध्ये ही मालिका सुरू झाली ती मार्व्हलने नव्या वाचकांना आत घेण्यासाठी आखलेल्या मोहिमेचा भाग म्हणूनच, त्यामुळे इतिहास न वाचलेल्या वाचकाला ती किती पेलते हा परीक्षणाचा रास्त निकष आहे आणि आपण त्या निकषावर बोलायला माझ्यापेक्षा अधिक योग्य आहात. तरीही चार गोष्टी माहीत असायला हव्यात. स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांनी १९६३ मध्ये सुरू केलेल्या मूळ मालिकेत प्रोफेसर चार्ल्स झेवियर यांचे पाचच विद्यार्थी होते: सायक्लॉप्स म्हणजे स्कॉट समर्स, जीन ग्रे, बीस्ट म्हणजे हँक मकॉय, आइसमन म्हणजे बॉबी ड्रेक आणि एंजल म्हणजे वॉरन वर्दिंग्टन. जीन १९८० मध्ये 'अनकॅनी एक्स-मेन'च्या १३७ व्या अंकात मरण पावली, काही वर्षांनी परत आली, स्कॉटची पत्नी झाली आणि २००४ च्या सुमारास पुन्हा मरण पावली. २०१२ च्या 'ॲव्हेंजर्स विरुद्ध एक्स-मेन' या महाकथेत फीनिक्स या वैश्विक शक्तीने झपाटलेल्या स्कॉटच्या हातून खुद्द झेवियर मारले गेले. त्याआधीच एक्स-मेनपैकीच असलेल्या वुल्व्हरिनने स्कॉटपासून वेगळी चूल मांडून शाळा सुरू केली होती आणि तिला जीनचे नाव दिले होते.

एवढ्या शिदोरीवर पहिला खंड नीट वाचता येतो. आता मूळ मुद्दा.

माझ्या मते ही कथा कालप्रवासाची नाहीच. ती एका प्रौढ माणसाने पाच अल्पवयीन मुलांवर केलेल्या अन्यायाची कथा आहे आणि तो अन्याय सद्भावनेने केलेला असल्यामुळे ती वाचण्यासारखी झाली आहे. हँक मकॉयच्या शरीरात नवे, वेदनादायक बदल होत आहेत आणि आपण फार दिवसांचे सोबती नाही अशी त्याची समजूत झाली आहे. जगातून जाण्याआधी एक तरी गोष्ट मार्गी लावावी म्हणून तो भूतकाळात जाऊन सोळा-सतरा वर्षांच्या स्कॉटला आणि त्याच्या चार सोबत्यांना आजच्या काळात घेऊन येतो. हेतू असा की आजच्या बंडखोर स्कॉटने स्वतःच्याच निरागस डोळ्यांत पाहावे आणि शरमेने भानावर यावे. बॉबीच्या तोंडून सहज निघालेल्या एका शेऱ्यावरून हँकला हे सुचते, ही बेंडिस यांची मोठी अचूक निवड आहे: इतका भयंकर बेत एका निरुपद्रवी वाक्यातून जन्म घेतो. त्या मुलांचे काय होईल, ही चिंता त्या बेतात फार उशिरा येते. आपल्या परीक्षणाने या कृत्याला मध्यभागी ठेवावे आणि पुस्तकालाही एकच प्रश्न विचारावा: हँकने जे केले त्याचे परिणाम हे पुस्तक पात्रांना भोगू देते का?

कालप्रवासाच्या तर्काला या प्रश्नाच्या आधाराने जागा द्यावी, अन्यथा एका परिच्छेदापलीकडे देऊ नये. मार्व्हलच्या कथाविश्वातला जुना प्रघात असा की भूतकाळात ढवळाढवळ केली की काळाची नवी शाखा फुटते. त्या हिशेबाने या मुलांना काहीही झाले तरी आजच्या प्रौढांच्या केसालाही धक्का लागायला नको. परंतु २०१३ च्या 'बॅटल ऑफ द ॲटम' या अनेक मालिकांतून चालणाऱ्या जोडकथेच्या आरंभीच तरुण स्कॉट क्षणभर मृत्युमुखी पडतो आणि त्याच क्षणी प्रौढ स्कॉट सर्वांच्या देखत नाहीसा होतो. ट्रायेज नावाच्या विद्यार्थ्याने मुलाला वाचवल्यावर प्रौढही परत येतो. नियम बदलला म्हणून ओरड करण्यात अर्थ नाही, कारण असे नियम या धंद्यात संपादकाच्या सोयीने बदलतच असतात. ओरड करायची ती दुसऱ्या गोष्टीबद्दल. ज्या मुलाच्या मरणाने आणखी एक माणूस पुसला जातो हे सर्वांनी पाहिले, तोच मुलगा पुढच्या वर्षी 'द ट्रायल ऑफ जीन ग्रे' या कथेच्या शेवटी अंतराळात चाचेगिरी करणाऱ्या आपल्या वडिलांबरोबर भटकंतीला निघतो आणि त्याला निरोप दिला जातो. इथे तर्काची चूक ही पात्रांच्या वागण्याची चूक होते, आणि टीकाकाराने बोट ठेवायचे ते अशाच जागी.

पहिल्या पाच अंकांत मात्र बेंडिस यांचा हात क्वचितच चुकतो. स्कॉट हा हँकच्या योजनेचा नायक असला तरी पुस्तकाची नायिका जीन आहे, आणि हा पालट लेखकाने फार हुशारीने घडवला आहे. योजनेत जीनला कामच नव्हते. ती आली ती पाचांपैकी एक म्हणून, आणि उतरली ती अशा शाळेत की जिच्या नावातच तिचे नाव आहे. मृत व्यक्तीचे नाव संस्थेला देतात हे कळायला मन वाचण्याची विद्या लागत नाही. ती विद्याही तिला याच वेळी, वेळेआधी आणि कोणाच्या मार्गदर्शनाशिवाय प्राप्त होते. तोवर तिला केवळ मनोबलाने वस्तू हलवता येत होत्या. आता शाळेतल्या प्रत्येकाच्या मनातला दचका, दया आणि दुःख तिच्या डोक्यात एकदम घुसते. मोठी माणसे मुलांपासून जे लपवू पाहतात ते मुलांना त्यांच्या चेहऱ्यावरून कळतेच; इथे बेंडिस यांनी त्या साध्या अनुभवाला महाशक्तीचे रूप दिले आहे. अतिमानवी शक्ती पात्राच्या अवस्थेतून उगवली की ती खरी वाटते, याचे इतके स्वच्छ उदाहरण मुख्य प्रवाहातल्या कॉमिक्समध्ये क्वचित सापडते.

पाचव्या अंकाकडे बारकाईने पाहा. हँकचा जीव वाचवण्यासाठी तरुण हँकला प्रौढ हँकच्या बुद्धीची मदत हवी असते आणि त्या दोघांमधला पूल जीन होते. काम झाल्यावर ती आपल्या वाट्याला पुढे काय वाढून ठेवले आहे ते पाहण्याचा आग्रह धरते, आणि हँकच्या स्मृतीतून तिला आपले सगळे आयुष्य एकदम दिसते: लग्न, फीनिक्स, मरण. कोणी ते तिला शब्दांत सांगत नाही. इमोनेन यांनी ते चित्रांवर सोपवले आहे आणि एरवी संवादांशिवाय एक पाऊल न टाकणारे बेंडिस इथे बाजूला सरले आहेत. त्यानंतर मुलांनी परत जायचे की राहायचे हे ठरायचे असते, तेव्हा जी मुलगी म्हणून सर्वात मागे उभी असायची तिचाच शब्द अखेरचा ठरतो: आम्ही राहणार. या निर्णयाकडे बहुतेक वाचक धैर्य म्हणून पाहतात. मला त्यात भीतीही दिसते. परत जाणे म्हणजे ते मरण पत्करणे, आणि सोळा वर्षांच्या मुलीने ते पत्करावे अशी अपेक्षा करण्याचा अधिकार त्या खोलीतल्या एकाही प्रौढाला उरलेला नाही. परीक्षणात या प्रसंगाचा शेवट फोडावा का, हा प्रश्न पडेल. मालिकेच्या पुढच्या मुखपृष्ठांवर ही मुले दिसत असल्याने ते राहतात हे गुपित उरलेलेच नाही. कोण ठरवते, एवढे मात्र झाकून ठेवता येईल.

स्कॉटची बाजू यापेक्षा अवघड आहे. जो मुलगा झेवियर यांना वडिलांच्या जागी मानतो त्याला कळते की आपण त्यांचा जीव घेणार आहोत. बेंडिस त्याला फार बोलू देत नाहीत आणि ते योग्यच आहे, कारण यावर बोलण्यासारखे काही नसते. सहाव्या अंकात तो वुल्व्हरिनची गाडी घेऊन शाळेतून पळ काढतो; पुढे मिस्टिक त्याला गाठते आणि सहानुभूतीच्या गोड शब्दांत त्याच्या मनात विष कालवते. आजच्या जगात त्याच्याशी प्रेमाने बोलणारी पहिली व्यक्ती खलनायिका असावी, यातच शाळेतल्या प्रौढांचे माप आहे. दुसऱ्या टोकाला प्रौढ स्कॉट आहे. त्याच्यासमोर सोळा वर्षांची जीन उभी राहते तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर जे उमटते त्यात शरम नाही, शोक आहे. हँकची योजना तिथेच फसते. हा बंडखोर पूर्ण चूक आहे असे पुस्तक कधी म्हणत नाही. नव्याने शक्ती प्रकटलेल्या, पोलिसांच्या तावडीत सापडणाऱ्या मुलांना सोडवायला तोच धावून जातो आहे, हे पहिल्याच अंकापासून दिसते.

आता उणी बाजू, जी पहिल्या खंडात दबलेली आहे आणि पुढे वर येते. वॉरनच्या वाट्याला फारच थोडे आले आहे. त्याला भेटणारा त्याचा प्रौढ अवतार जुनी स्मृती गमावून बसलेला आहे, म्हणजे 'आपण पुढे काय झालो' हा प्रश्न त्याला विचारायलाही कोणी नाही. कल्पना विलक्षण आहे, पण बेंडिस तिला काही पानांत उरकतात. आठव्या अंकात वॉरन घरी परत जायचे म्हणतो तेव्हा जीन त्याच्या मनात शिरून त्याचा विचार बदलून टाकते. किटी प्राइड, जी या मुलांची शिक्षिका झाली आहे, तिला ते कळते आणि ती जीनला कडक शब्दांत सुनावते. अकराव्या अंकात जीन पुन्हा तसेच करू पाहते, आणि वॉरन तिच्यापासून सुटून प्रौढ स्कॉटच्या गटात जातो. इथवर सारे उत्तम आहे: जिच्यावर अन्याय झाला ती मुलगी तोच अन्याय दुसऱ्यावर करू लागते, आणि तिला त्याची किंमत मोजावी लागते.

पण चाळिसाव्या अंकात, २०१५ मध्ये, जीन बॉबीच्या मनातले वाचते आणि तू समलिंगी आहेस असे त्याला सांगते. बॉबी आपल्याला मुलीही आवडत असतील अशी शक्यता मांडू पाहतो तर ती तीही झटकून टाकते. इतक्या जुन्या आणि लोकप्रिय पात्राची ओळख अशी उघड होणे अनेक वाचकांना मोलाचे वाटले आणि ते मोल मी कमी लेखत नाही. तथापि, आपल्याविषयीची सर्वात खासगी गोष्ट उच्चारण्याचा बॉबीचा हक्क दुसरीने हिरावून घेतला, हे पुस्तक आठव्या अंकात विचारपूर्वक मांडलेली आपलीच भूमिका विसरल्यामुळे घडते. तिथे किटी रागावली होती. इथे प्रसंग हलक्याफुलक्या विनोदाने पार पडतो. याची थोडी भरपाई त्याच वर्षीच्या 'अनकॅनी एक्स-मेन'च्या सहाशेव्या अंकात होते, जिथे तरुण बॉबी प्रौढ बॉबीला समोर बसवून तेच विचारतो, आणि आयुष्यभर एक ओझे पुरे असताना दुसरे उचलण्याचे बळ नव्हते असे प्रौढ बॉबीच्या उत्तराचे तात्पर्य आहे. एकाच माणसाच्या दोन वयांमधले ते संभाषण या सगळ्या प्रयोगातले सर्वात परिपक्व पान आहे, आणि गंमत अशी की ते शीर्षकाने दुसऱ्याच मालिकेत पडले आहे.

याच सहाशेव्या अंकात हँकला त्याचे सहकारी अखेर जाब विचारतात. म्हणजे पहिल्या अंकात केलेल्या कृत्याचा खटला उभा राहायला तीन वर्षे लागली, मधल्या काळात अनेकदा महिन्याला दोन अंक निघत असूनही. बेंडिस यांचा मूळ दोष मला हाच वाटतो: प्रश्न उभा करण्यात त्यांच्याइतका वाकबगार लेखक विरळा, निकाल देण्यात मात्र त्यांची कायम चालढकल असते. आपण पहिल्या खंडापुरते लिहीत असाल तर हे भविष्य त्या खंडाच्या माथी मारू नये. पण अनेक खंडांवर लिहिणार असाल तर ते टाळताही येणार नाही.

चित्रांविषयी आपल्या मसुद्यात एकच वाक्य आहे, 'चित्रे सुंदर आहेत', आणि ते पुरेसे नाही. कॉमिकच्या परीक्षणात चित्रकाराला शेवटच्या ओळीत बसवण्याची खोड आपल्याकडेच आहे असे नाही, पण ती मोडायला हवी. इमोनेन यांनी रेखाटले, वेड फॉन ग्रॉबॅजर यांनी शाई दिली आणि मार्टे ग्रासिया यांनी रंगवले. तिघांचीही नावे परीक्षणात यावीत. इमोनेन अनेक ठिकाणी समोरासमोरची दोन पाने एकच मानून चौकटींची ओळ डावीकडून उजवीकडे सलग नेतात. लांबलचक संभाषणांना त्यामुळे रुंद रंगमंच मिळतो आणि कोण कोणापासून किती दूर उभे आहे हे बोलण्याआधीच कळते. संगणकाच्या पडद्यावर एकेक पान वाचणाऱ्याची इथे हमखास गफलत होते, तेव्हा तिथे दोन पाने एकत्र उघडून वाचावीत. दुसरे म्हणजे चेहरे. प्रौढ आणि तरुण स्कॉट हा एकच माणूस आहे आणि तरीही दोन माणसे आहेत, हे दाखवताना दोघांचेही डोळे चष्म्याआड किंवा मुखवट्याआड असतात, म्हणजे चित्रकाराचे सर्वात हुकमी साधन काढून घेतलेले असते. इमोनेन जबडा, खांदे आणि उभे राहण्याची ढब यांवर ते भागवतात: मुलगा आज्ञेची वाट पाहत ताठ उभा असतो, प्रौढ माणूस पाठीवर ओझे घेऊन. मुलांचे १९६३ च्या धर्तीचे पिवळे-निळे गणवेश आजच्या गडद रंगांच्या पानांवर मुद्दाम बेंगरूळ दिसतात आणि तीच ग्रासिया यांची कमाल आहे. ही मुले इथली नाहीत हे प्रत्येक चौकट रंगातूनच सांगते. अठराव्या अंकात त्यांना नवे गणवेश मिळतात तेव्हा हा ताण जातो, आणि माझ्या लेखी काहीतरी हरवतेही.

सहाव्या अंकापासून काही अंक डेव्हिड मार्केझ यांनी काढले आहेत. तो बदल चांगलाच पेलला गेला आहे. त्यावर जास्त लिहिण्याची गरज नाही.

संवादांबाबत सावधपणे लिहावे. बेंडिस यांच्या पात्रांची बोलण्याची पद्धत ओळखीची आहे: वाक्य अर्धवट सोडायचे, समोरच्याने तेच शब्द परत उच्चारायचे, तिसऱ्याने मध्येच विनोद करायचा. २००० मध्ये 'अल्टिमेट स्पायडर-मॅन' लिहिताना कुमारवयीन पात्रांसाठी त्यांनी ही शैली वापरली आणि ती तिथे शोभली. इथेही पाच मुलांच्या तोंडी ती शोभते, कारण भांबावलेली मुले अशीच बोलतात. पण मॅग्नेटोसारखा वयोवृद्ध आणि एमा फ्रॉस्टसारखी तोलून-मापून बोलणारी स्त्री त्याच लयीत बोलू लागली की पात्रांमधले अंतर मिटते. एखादे पान निवडावे, बोलणाऱ्यांची नावे झाकावीत आणि कोण बोलते आहे हे ओळखता येते का ते पाहावे. परीक्षणात असा एक नेमका नमुना दिला तर 'संवाद चटपटीत आहेत' किंवा 'संवाद फार आहेत' या दोन्ही ठरावीक शेऱ्यांपेक्षा तो अधिक उपयोगी पडेल.

पुढचे किती वाचावे, असेही आपण विचारले आहे. पहिल्या खंडाच्या परीक्षणासाठी काहीच नाही. पाच अंकांना स्वतःचा आरंभ आणि स्वतःचा टप्पा आहे. पुढे जायचे झाल्यास दुसरा आणि तिसरा खंड सलग वाचावा, कारण आठवा आणि अकरावा अंक वेगवेगळ्या खंडांत पडले असले तरी जीन आणि वॉरनची हकिगत एकच आहे. 'बॅटल ऑफ द ॲटम' चार मालिकांच्या अंकांतून आणि स्वतःच्या दोन अंकांतून फिरते, म्हणून ती सुट्या अंकांत वाचण्याच्या भानगडीत न पडता एकत्रित खंडच घ्यावा. ती एक्स-मेनच्या पन्नाशीनिमित्त काढलेली जोडकथा आहे आणि तिच्यात उत्सवाचा गोंगाट अधिक आहे. बेंडिस यांच्यानंतर ही मुले डेनिस होपलेस आणि मग कलन बन यांच्या हाती गेली आणि अखेर २०१८ मध्ये एड ब्रिसन आणि पेपे लाराझ यांच्या 'एक्स्टर्मिनेशन'मध्ये आपल्या काळात परतली. जाताना त्यांच्या इथल्या आठवणी कुलूपबंद केल्या जातात, आणि त्या आजच्या प्रौढांच्या मनात अचानक उघडतात. म्हणजे ज्या अनुभवाने स्कॉटला बदलायचे असा हँकचा बेत होता तो अनुभव प्रौढांना मिळाला खरा, पण सर्व काही घडून गेल्यावर. हँकच्या गुन्ह्याला याहून योग्य शिक्षा कोणाला सुचली नसती, आणि ती बेंडिस यांनी लिहिलेली नाही, याची नोंद मालिकेच्या समग्र परीक्षणात अवश्य करावी.

गुणांकन द्यावेच लागणार असेल तर पहिल्या खंडाला मी पाचांपैकी चार देईन. कापलेला एक गुण संपूर्णपणे वॉरनच्या नावावर आहे: पाच अंकांत पाच मुले आहेत आणि त्यांतल्या एकाला लेखकाने जवळजवळ पंखांपुरतेच ठेवले आहे. आपल्या मसुद्यातला कालप्रवासाचा परिच्छेद निम्मा करून ती जागा पाचव्या अंकातल्या जीनच्या पानांना द्यावी, आणि त्या पानांवर नेमके काय चितारले आहे ते पुस्तक समोर उघडे ठेवूनच लिहावे.